फूल अन् पाणी, बाकी काही नाही

सुशे, ये इकडं. अशी जवळ बस. तिथं उंबऱ्यात पाहुण्यासारखी उभी राहू नकोस. आधी तुला दोन शब्द सुनावते, मग बाकीचं. इतकी वर्षं हैदराबादेत राहिलीस, एवढ्या पोरीपोरांना शिकवलंस, पण निघताना घरात सांगून निघावं एवढं तुला कधी जमलं नाही. बसनं जायचीस तेव्हाही तेच. माझा डबा बांधून होईस्तोवर तू फाट्यावर पोचलेली. अन् या वेळीही तेच केलंस. आतल्या खोलीत पडून म्हणालीस, "आक्का, थोडं पानी गरम कर," अन् मी पाणी घेऊन आले तोवर तू गेलेली. गरम पाण्याचा गंज हातात धरून मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. खरं सांगते, आधी रागच आला. रडू नंतर आलं.

तेरवी होऊन नऊ दिवस झाले. माणसं आपापल्या घरी गेली. सगळे म्हणतात, घर खायला उठत असेल. मला तर ते भरल्यासारखं वाटतं. भर दुपारी वरणात मीठ टाकायला हात नेला की पाठीमागून तुझा आवाज येतो, "आक्का, अजून काय टाकलं त्यात?" वळून पाहते, तर कोणी नाही. हळद टाकली की पुन्हा तेच. काल चहात साखर टाकताना मी मोठ्यानं म्हणाले, "साखर वं बाई, साखरच हाय!" कुडापलीकडून शेजारीण म्हणते, "कोनाशी बोलून राह्यली आक्का?" म्हटलं, "मांजरीशी." तिला ठाऊक आहे, आपल्याकडं मांजर नाही.

तू तेच तेच काऊन विचारतेस, हे मला ठाऊक आहे. इतके दिवस माझ्या एकटीला ठाऊक होतं. आता आणखी एका माणसाला कळलंय. पण तुला सांगायचं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले.

लिहायला मला कोणी शिकवलं? तूच. माय गेली तेव्हा तू सहा वर्षांची, मी वीस. माझं सासर जवळच, या वांकिडीत, म्हणून तुला उचलून इकडं आणली. यांना भीत भीत विचारलं तर हे म्हणाले, "एक ताट जास्त मांडलं तर काय होते?" संध्याकाळी तू कंदिलापाशी पाटी घेऊन बसायचीस अन् मी ज्वारी निवडता निवडता तुझ्या हाताकडं पाहायची. मी शाळेची पायरी चढलेली नव्हते. एक दिवस तू पाटीच माझ्याकडं सरकवलीस. "नुसती पाहून काऊन राह्यली? काढ ना क." मी काढला. तू पोट धरून हसलीस. "आक्का, हा क नाई, पोट फुगलेला बैल हाय!" त्या बैलापासून मी या कागदापर्यंत आले.

गावातली मराठी शाळा संपली अन् तू आसिफाबादला तेलुगू शाळेत गेलीस. पहिलं वर्ष वर्गात मुक्यासारखी बसलीस. दुकानांवरच्या पाट्या वाचून वाचून तेलुगू शिकलीस, अन् मग त्या शाळेतून पहिली आलीस. हैदराबादला कॉलेजात गेलीस तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. गावात लोक म्हणायचे, शिकते तर शिकू द्या, पण लग्नाचं पाहा. मीही म्हणायची. तो आपला वाद पंधरा वर्षं चालला अन् अर्धाच राहिला. शेवटी शेवटी तू मला गप्प करायला म्हणायचीस, "आक्का, माहं लगन त्या भुकटीशी लागलं."

ती भुकटी मी पाहिली ती एकदाच. तुला नोकरी लागली, नावापुढं डॉक्टर लागलं, अन् तू मला हैदराबादला घेऊन गेलीस. प्रयोगशाळेच्या दाराशी म्हणालीस, "चप्पल बाहेर काढ." म्हटलं, "देवघरच हाय मन की." आत काचेच्या नळ्या, भट्ट्या, अन् एका गुळगुळीत दगडी खलात पांढरंशुभ्र काहीतरी.

"हे काय वं, रांगोळी?"

"टायटॅनियमची भुकटी हाय. तू करंजीसाठी मैदा वस्त्रगाळ करते ना, त्यातला एक कण घे. त्या एका कनात हिचे लाखो कन मावतीन."

"एवढं बारीक कायले करा लागते?"

तू हात धरून मला खलापाशी नेलंस. "आक्का, ढेकूळ फोडलं की त्याले जास्त अंग सुटते का नाई? तसं फोडत फोडत गेलं की चिमटीभर भुकटीले अख्ख्या वावराएवढं अंग येते. जेवढं अंग, तेवढा रंग धरते. जेवढा रंग, तेवढं ऊन खाते."

हे मला कळलं. तुझ्या मोठमोठ्या साहेबांनी समजावलं असतं तर कळलं नसतं. काचेवर ती भुकटी सारवायची, भट्टीत भाजायची, रंगात बुडवायची, वरून दुसरी काच दाबायची, दोन काचांच्या मधे औषधाचा एक थेंब. उन्हात ठेवलं की वीज. धूर नाही, राख नाही, आवाज नाही. आपल्याच जिल्ह्यातून कोळशाच्या मालगाड्या भरून जातात अन् आपल्याच गावात संध्याकाळी लाईन नसते, याचा तुला लहानपणापासून राग. मी तुला चिडवायची, "तुह्या उन्हावर माही भाकर कवा भाजन?" तू म्हणायचीस, "थांब ना पन्नास वर्सं." मी म्हणायची, "मी थांबीन, भाकर नाई थांबत."

त्याच वेळची दुसरी गोष्ट. तुझ्या खोलीवर तुझ्याबरोबर काम करणारे चार जण जेवायला आले होते. सगळे तुझं कौतुक करत होते अन् माझ्या जिवाला घोर लागला. एवढं कौतुक बरं नाही. मी पिशवीतून तुरटीचा खडा काढला, तुझ्यावरून सात वेळा ओवाळला अन् शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकला. माय काढायची तशी दृष्ट काढली. तुरटी फसफसून फुगली अन् तिच्यात नाकाडोळ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. मी म्हटलं, "पाह्य, कोनाची नजर व्हती ते!" ते चौघं हसले. तूही हसलीस, अन् इंग्रजीत त्यांना काहीतरी म्हणालीस. शब्द मला कळले नाहीत. सूर कळला.

ते गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "आक्का, इथं हे नको करू. मी इथं काय शिकवते अन् तू काय करते."

मी बरं म्हटलं. पण दृष्ट काढायची थांबले नाही, सुशे. तुला दिसणार नाही अशी काढायला लागले. तू बसमध्ये बसलीस की मागं वळून, तू झोपलीस की पायाशी उभी राहून.

मग आली ती होळी. परदेशातले लोक काचेवर कसलातरी महागडा रंग लावतात, तो आपल्याला परवडत नाही, म्हणून तू झाडापानांचे रंग लावून पाहत होतीस. जांभूळ झालं, जास्वंद झाली. होळीला घरी येताना वाटेत पळस पेटल्यासारखा फुललेला पाहिलास अन् घरात पाय ठेवायच्या आधी विचारलंस, "आक्का, पोराईले उनाळ्यात आंघोळीले तू पळसाचं पानी करते, ते कसं करते?"

मी म्हटलं, "फुलं उकळते, दुसरं काय."

"मले एक बाटली करून दे. पन फूल अन् पानी, बाकी काही नाई. चुना नाई, हळद नाई, काई म्हंजे काई नाई. शपथ घे."

"घेतली वं बाई."

तू शाळेतल्या जुन्या गुरुजींना भेटायला गेलीस. मी कल्हईच्या पातेल्यात फुलं उकळली, धोतराच्या फडक्यातून गाळली, सरबताच्या धुतलेल्या बाटलीत रंग भरला. अन् मग फडताळातून तुरटीचा खडा काढला.

आता ऐक. माय कपडे रंगवायची तेव्हा रंगात तुरटी टाकायचीच. त्याशिवाय रंग धरत नाही, ही तिची शिकवण. माझा हात आपोआप तिकडं गेला, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तो खडा मी आधी भिंतीवरच्या तुझ्या फोटोवरून सात वेळा ओवाळला. म्हटलं, निखाऱ्यावर टाकला तर ही रागावते, बाटलीत टाकला तर कोणाला दिसतो? रंगही पक्का होईल अन् हिच्या कामाला कोणाची नजर लागणार नाही. बोराच्या बीएवढा खडा. हलवला तर विरघळूनही गेला.

पंधरा दिवसांनी तुझा फोन. चौकातल्या एसटीडीवाल्यानं माणूस पाठवला, मी पदर खोचून धावत गेले. तू तिकडून ओरडत होतीस. "आक्का! वीज मोजायची सुई पार पलीकडं गेली! आतापर्यंत कोन्याच फुलानं एवढी गेली नाई!" अन् मग हसत हसत, "काई टाकलं तर नव्हतं ना त्यात?"

"नाई वं. फूल अन् पानी."

पहिल्यांदा बोलले ते असं. खोटं बोलतेय असं वाटलंही नाही. मला वाटत होतं, दृष्ट काढली ती फळाला आली, अन् ती तुला सांगायची गोष्ट नाही. घरी येताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते.

तू लेख लिहिलास. तो बाहेरदेशी छापून आला. मोठ्या सभेत तू बोललीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर ती बाटली संपली होती. ती थोडी जरी उरली असती, तर तुझ्या यंत्रांनी चुटकीसरशी सांगितलं असतं तिच्यात काय आहे ते. तू वाटेवरच्या पळसाची फुलं आधीच वाळवून ठेवली होतीस, ती प्रयोगशाळेत उकळलीस. सुई हलेना. पुन्हा उकळलीस. हलेना.

वैशाखात तू दोन पांढरे कॅन घेऊन आलीस. पळस संपला होता, पण तुला फुलं नको होती, विहिरीचं पाणी हवं होतं. तुझ्या डोक्यानं घेतलं होतं की वांकिडीच्या पाण्यातच काहीतरी आहे. आपण दोघी विहिरीवर गेलो. मी दोर ओढत होते, तू काठावर वही मांडीवर घेऊन एकेक विचारत होतीस.

"पातेलं कोनतं?"

"कल्हईचं. तुले ठाऊक हाय ते."

"पळी?"

"लाकडाची."

"चुलीतली राख पडली असन का?"

"माह्या रांधन्यात राख पडते का वं? सासूनं काई मनलं नाई इतक्या वर्सात, अन् तू मनते."

तू हसलीस. मग वहीत मान घालून, सहज विचारावं तसं, "पान्यावर तुरटी फिरवली व्हती का?"

सुशे, माझ्या हातातला दोर सुटला. बादली धाडकन खाली गेली. तू म्हणालीस, "हळू ना, आक्का." नेमका तोच शब्द तुझ्या तोंडी आला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण मला ते चौघं हसताना दिसले, अन् तुझा तो इंग्रजीतला सूर ऐकू आला. वाटलं, ही म्हणेल, माझ्या एवढ्या मोठ्या कामात तू दृष्टीचा खडा कालवलास? दोर पुन्हा धरून मी म्हटलं, "विहिरीच्या पान्याले तुरटी कायले लागते? हे काय नदीचं गढूळ पानी हाय?"

"हो ना," तू म्हणालीस, अन् लिहिलंस.

मी बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तू पाण्याचं विचारलंस, मी पाण्याचं सांगितलं. एवढ्या एका धाग्याला धरून मी इतकी वर्षं झोपत आले.

पाण्याचे दोन कॅन घेऊन आपण फाट्यावर उभ्या राहिलो. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "क्या अम्मा, हैदराबाद में नील्लु नहीं मिलता क्या?" तू म्हणालीस, "मिलता है भैया, लेकिन ये बोलता है, वो नहीं बोलता." अख्खी बस हसली. मीही हसले. तू खिडकीतून हात हलवलास. ते पाणी कशाला बोलतंय, बाई! बोलायची होती ती फाट्यावर उभी होती.

पुढच्या फाल्गुनात तू पुन्हा बाटली मागितलीस. अन् मी घाबरून ठरवलं, आता नाही. आता शपथेला जागायचं. त्या वर्षी पहिल्यांदा मी तुझं ऐकलं. फूल अन् पाणी, बाकी काही नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही तसंच. ज्या दिवसापासून मी खरं वागले, त्या दिवसापासून तू खोटी ठरलीस.

तुझ्या तिथले लोक काय म्हणायचे, ते तू मला सांगितलं नाहीस. एकदा तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीनं सांगितलं. मॅडमचे आकडे गावच्या चुलीवर शिजून येतात, असं म्हणायचे. पुढं तुझ्या कामाच्या पैशाची मंजुरी संपली अन् पुन्हा मिळाली नाही. बढती तुला ओलांडून दुसऱ्याकडं गेली. तू मात्र घरी यायचीस तेव्हा माझ्यासाठी चष्मा आणायचीस, वाचायला पुस्तकं आणायचीस, अन् मला वाटायचं, होईल ठीक.

आठवतं, अंगणात बाजेवर बसून आपण तुरीच्या शेंगा सोलत होतो. तू सोलता सोलता म्हणालीस, "आक्का, मी त्या लेख छापनाऱ्याईले पत्र लिवलं. आमच्याकून ते पुन्ना झालं नाई, तवा तो लेख वापस घ्या, असं."

"मंग काय होते त्यानं?"

"काई नाई. लोक वाचतात."

तू आणखी एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्यास. मग म्हणालीस, "कोनी काई मनो. मले एकच समजत नाई. त्या बाटलीत काय व्हतं?"

मी उठले. म्हटलं, "दूध उतू जाईन," अन् आत गेले. चुलीवर दूध नव्हतं. चूलच पेटलेली नव्हती. मी चुलीपुढं उभी राहिले अन् तू बाहेर शेंगा सोलत राहिलीस. तुला त्या दिवशी काही कळलं का, सुशे? तू उठून आत आली असतीस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण तू आली नाहीस, अन् मला हायसं वाटलं.

तू थांबली नाहीस, ही तुझी करणी. दुसऱ्या भुकट्या केल्यास, दुसरे रंग पाहिलेस, पोरींना हाताशी धरून शिकवलंस. दोन हजार साल उलटल्यावर एकदा म्हणालीस, "आक्का, आमच्या भुकटीले आता नवं नाव आलं. नॅनो." मी म्हटलं, "नाव काई ठेव, पन कपड्याईले लागलेली झटकून घरात ये." तू वाकून खरंच पदर झटकलास. अशी होतीस. ज्या पोरीनं आपलं नाव गेलं तरी लेख परत घेतला, ती मी वाढवलेली. त्या गोष्टीचा मला अभिमान वाटतो अन् लगेच लाज वाटते, दोन्ही एकाच घासात.

आजारी पडून तू इकडं आलीस, ते दोन महिने मी रोज ठरवायची, आज सांगते. तुझे केस विंचरताना, पाय चेपताना. पण तू इतकी हलकी झाली होतीस की वाटायचं, एवढं ओझं कुठं ठेवू हिच्या अंगावर? ही सबब होती. मी भ्याले होते. साठी ओलांडलेली बाई, अन् हातावर वाढलेल्या धाकट्या बहिणीला भ्याले.

परवा तुझी सरिता आली. तुझी शेवटची विद्यार्थिनी, ती उंच, सावळी, तेलुगूत पुटपुटणारी. तेरवीला येता आलं नाही म्हणून रडली. तुझ्या टेबलातल्या वह्या घेऊन आली होती. मला म्हणाली, "अम्मा, आकडे सब इंग्लिश में है, पर बीच बीच में मॅडम मराठी में लिखती थी. मेरे को नहीं आता. आप पढ़ो ना."

मी चष्मा लावला. तुझं अक्षर पाहून आधी डोळे भरले. कुठं लिहिलंय, आज आक्काचा डबा आला. कुठं, पाय दुखतात. मग ते विहिरीच्या दिवसाचं पान आलं. एकाखाली एक लिहिलेलं. लोखंड, चुना, तांबं, राख, तुरटी. प्रत्येकापुढं इंग्रजी आकडे. सरितानं सांगितलं, हे सगळं मॅडमनी एकेक करून रंगात टाकून तपासलं, वर्षभर. फक्त तुरटीपुढं आकडे नाहीत. तिथं रेघ मारलेली, अन् रेघेवर तुझ्या हातानं मराठीत:

"आक्का म्हणते, तुरटी नाही. म्हणजे नाही."

सरिता विचारत होती, "क्या लिखा है, अम्मा?"

तू पाण्यावरच्या तुरटीचं विचारलं होतंस, पण लिहिलंस ते सगळ्याचंच. माझ्या शब्दाला तू पाण्यापुरतं धरलं नाहीस, मी धरलं. साहेबांचं तू कधी तपासल्याशिवाय ऐकलं नाहीस, पुस्तकातलंही नाही. अख्ख्या वहीत न तपासलेली गोष्ट एकच, अन् ती माझी.

मी सरिताला वाचून दाखवलं. अन् मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, उरलेलंही सांगितलं. खडा, फोटो, बाटली, विहीर, सगळं. मराठीत सुरू केलं, हिंदीत संपवलं. त्या पोरीनं पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, उठून जाईल. तिनं विचारलं काय?

"कितना डाला था?"

म्हटलं, "बोराच्या बीएवढा." तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, कदाचित तेच असेल, कदाचित नसेलही. करून पाहिल्याशिवाय ती काही म्हणणार नाही. तुझीच विद्यार्थिनी आहे ती. होळीच्या आधी काटा अन् बाटल्या घेऊन येते म्हणाली. मी इथं करून दाखवायचं, तसंच्या तसं, त्याच पातेल्यात, त्याच फडक्यातून गाळून. ती मोजणार, लिहिणार, अन् तिकडं नेऊन काचेवर लावणार.

निघताना दारात थांबली. म्हणाली, "निकला तो मॅडम का नाम वापस आएगा, अम्मा. लेकिन लिखना पड़ेगा कि पहले आपने सच नहीं बताया."

"लिव," मी म्हटलं. "माहं नाव गाव सगळं लिव."

बोलताना बरं वाटलं. ती गेल्यावर मात्र दाराला कडी लावून मी उंबऱ्यातच बसले. गाव वाचेल, तुझे भाचे वाचतील, याची भीती नाही. भीती अशी, की त्यातून काहीच निघालं नाही तर? तर माझी कबुलीही फुकट, अन् तुझा तो प्रश्न तसाच राहील. अन् निघालं, तर त्याहून वाईट. मग बोराच्या बीएवढ्या खड्यासाठी मी तुझी किती वर्षं घालवली, ते काट्यावर तोलून कोणीतरी माझ्यापुढं ठेवेल. दोन्ही बाजूंनी मीच आहे. पण सुशे, आता मला कळून घ्यायचं आहे. तुला जसं कळून घ्यायचं होतं, तसं.

होळीला बारा दिवस उरलेत. फाट्याकडचा पळस परवापासून लाल व्हायला लागलाय. सकाळी दव असताना फुलं तोडली की रंग चांगला उतरतो, पण खालच्या फांद्या बकऱ्यांनी खाल्ल्या अन् वरच्यांना आता माझा हात पुरत नाही. सरिताला झाडावर चढता येत नाही, मी विचारलं. तुला यायचं. परकर खोचून सरसर चढायचीस अन् वरून माझ्या पदरात फुलं टाकायचीस.

तर ये तू. रागावली असशीन तर रागातच ये, माह्याशी बोलू नको, पन ये. मी खडा टाकीन तो तुह्या डोयासमोर टाकीन, यावेळी लपवून नाई. तू नुसती उभी राह्य पातेल्यापाशी अन् पाह्य. पळस काई जास्त दिस थांबत नाई, सुशे. लवकर येजो.